ग्वाल्हेरमध्ये लाइव्ह संगीत कुठे ऐकावं? शास्त्रीय कळत नसेल तर तानसेन समारोहाला जाण्यात अर्थ आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून नोकरीसाठी ग्वाल्हेरला आलात, कॉलेजपासून बँडच्या कार्यक्रमांना स्टेजला चिकटून उभं राहायची सवय, आणि इथे तसं काही सापडत नाही. जो तो तानसेन समारोहाचं, म्हणजे इथल्या डिसेंबरातल्या शास्त्रीय संगीताच्या महोत्सवाचं, नाव घेतो, पण शास्त्रीय कळत नाही, मग जाऊन काय करू?

जा. फक्त मोठं नाव कोणत्या दिवशी आहे ते बघून जाऊ नका. कुठल्याही सभेला (समारोहातल्या गाण्याच्या सत्राला) जा, पण ती सुरू व्हायच्या आधी जाऊन बसा.

मी लश्करची, म्हणजे ग्वाल्हेरच्याच एका भागातली. नऊ वर्षांची असताना बाबांनी सायकलच्या दांड्यावर बसवून मला समारोहाला हजिऱ्याला नेलं, तेव्हापासून जाते. बाळंतपण, बदली, सासूबाईंचं आजारपण यांत मिळून चार वर्षं चुकली, ती चारही वर्षं मला नेमकी आठवतात. त्या पहिल्या वर्षी कोण गायलं ते मात्र आठवत नाही. आठवतो तो स्टेजवर बसून कणीक मळणारा माणूस. मी बाबांना विचारलं, हे इथे पोळ्या करणार? बाबा म्हणाले, थांब जरा. त्या माणसाने कणकेचा गोळा पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापला, चारी बाजूंनी दाबून बसवला आणि मग पंजाची एक थाप दिली. ती माझ्या छातीत वाजली. बँडमध्ये बेस गिटार सुरू झाली की पोटात काहीतरी हलतं, ते तुम्हाला ठाऊक असेल. तसंच होतं ते, फक्त स्पीकरच्या भिंतीशिवाय.

ते सभेच्या सुरुवातीचं ध्रुपद होतं, शास्त्रीय गाण्याचा एक जुना प्रकार. समारोहाची सभा इथल्याच एखाद्या संगीत विद्यालयाच्या ध्रुपदाने उघडते. स्टेजवर पुष्कळशी मुलं-मुली, दोघं-तिघं शिक्षक, तानपुरे, एक पखवाज. पत्रिकेत त्यांच्या वाट्याला एक ओळ येते. त्या वेळी निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात आणि रसिक मंडळी बाहेर चहाच्या ठेल्यावर असतात. तुम्ही जो लोकल बँड शोधताय तो हा आहे. आठवडाभर आधीपासून घसा सांभाळणारी, घरच्यांना पुढच्या रांगेत बसवून आलेली, थंडीत साडीच्या आत स्वेटर घालून बसलेली याच गावातली मुलं.

आणि यातलं कळायला काही शिकावं लागत नाही, बारापर्यंत मोजता आलं की पुरे. ध्रुपद बहुधा चौतालात असतं, बारा मात्रांच्या (मात्रा म्हणजे तालातला एक ठोका). पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि अकराव्या मात्रेला टाळी. तिसऱ्या आणि सातव्या मात्रेला हात रिकामा बाजूला न्यायचा. पुढे बसलेले म्हातारे लोक मांडीवर हेच करत असतात, त्यांच्या हाताकडे बघून लावा. आधी बंदिश साध्या लयीत म्हणतात. मग तेच शब्द दुपटीत (दुप्पट वेगात), मग तिपटीत, मग चौपटीत, आणि प्रत्येक वेळी सगळ्यांनी एकदम समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येऊन पडायचं. तिपटीत खरी कसोटी असते, कारण बारा मात्रांच्या पाटीवर तिनाचे तुकडे बसवताना पाय घसरतो. पखवाजवाला तेवढ्यात मुद्दाम आडवं काही वाजवतो. तुमचा हात चालू असेल तर समेच्या दोन मात्रा आधी तुम्हीही श्वास धराल.

अशाच एका चमूत दुसऱ्या ओळीच्या टोकाला एक मुलगी बसायची. पहिल्या वर्षी तिपटीत ती हरवली. ओठ हलत होते पण हात थांबला होता, आणि चौपट सुरू झाल्यावर ती परत गाडीत चढली. पुढच्या वर्षी हरवली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी पहिल्या ओळीत आली. मग एका डिसेंबरात शिक्षकांनी तिला अंतरा एकटीला उचलायला दिला. वरच्या षड्जावर (वरच्या सा वर) ती पोचली आणि तिथे थांबली, घाई न करता, आणि मी ओळख ना पाळख, रडले. तिच्याशी मी आजवर बोललेले नाही. आता ती मुलांना घेऊन स्टेजवर येते, टाळी देते, आणि तिपट आली की टोकाच्या मुलांकडे बघते. मोठ्या कलाकारांना मी इथे वर्षानुवर्षं ऐकलंय आणि त्यांच्याविषयी मनात भक्तीच आहे, पण ते येतात ते तयार होऊन. माणूस गायक होताना बघायचा असेल तर तो सुरुवातीच्या वीस मिनिटांत दिसतो.

तुम्ही पुण्याच्या आहात म्हणून एक सांगते. गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे वासुदेवबुवा जोशींकडे शिकले, आणि हस्सू-हद्दू खाँ या भावांच्या ग्वाल्हेर घराण्याचा ख्याल महाराष्ट्रात नेला. विष्णु दिगंबर पलुसकर हे बुवांचे शिष्य. म्हणजे तिकडे जे ऐकून मोठ्या झालात त्याचा एक मोठा झरा या गल्ल्यांतून निघालाय. कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ मध्ये काढलेलं शंकर गांधर्व महाविद्यालय, १९१८ चं माधव संगीत महाविद्यालय, जिथे राजाभैया पूछवाले शिकवत, ही नावं पत्रिकेतल्या त्या एका ओळीत दिसतील. वाचून पुढे जाऊ नका.

आता थोडं व्यवहाराचं. समारोह डिसेंबरात होतो, प्रवेश मोफत. १९२४ मध्ये उर्स (कबरीवरचा वार्षिक स्मृतिउत्सव) म्हणून सुरू झाला आणि २०२४ चा समारोह शंभरावा होता. मुख्य मंडप हजिऱ्याला, सूफी संत मोहम्मद गौसांच्या मोठ्या मकबऱ्याच्या आवारात. तानसेनांची कबर त्याच्या बाजूला, लहानशी, उघड्या छत्रीखाली. शेजारी चिंचेचं झाड आहे. त्याची पानं खाल्ली की गळा गोड होतो म्हणतात. मूळ झाड केव्हाच गेलं, तरी नव्याचीही पानं लोक तोडतात. पहिल्या दिवशी सकाळीच जा. शहनाई, मग ढोलीबुवा महाराजांची हरिकथा, मग मिलाद (पैगंबरांच्या स्तुतीचं पठण) आणि कबरीवर चादर. कबरीसमोर हरिकथा आणि मिलाद एकामागोमाग ऐकणं, हे मला दुसरीकडे कुठे मिळालेलं नाही.

रात्रीच्या सभेला पुण्याची थंडी डोक्यात ठेवून जाऊ नका. कानटोपी, पायमोजे, वर शाल. दव पडायला लागलं की तबल्याची पुडी सैल पडते, मग हातोडी निघते आणि दोन रागांमध्ये पाच-सात मिनिटं सुरात आणण्यात जातात. लोक तेव्हा मोबाइल काढतात. तुम्ही ऐका. हातोडीच्या ठोक्यागणिक आवाज तानपुऱ्याच्या जवळ जवळ सरकत जातो आणि एका क्षणी त्यात मिसळून जातो. सूर म्हणजे काय ते मला पुस्तकातून नाही, या वेळात समजलं.

वर्षभराचं विचाराल तर गणेशोत्सवात मराठी मंडळींच्या गाण्याच्या बैठका होतात, विद्यालयांमध्ये गुरुपौर्णिमेला विद्यार्थी गातात, जीवाजीगंजात सरोदवादक उस्ताद हाफिज अली खाँच्या घराचं आता सरोद घर नावाचं वाद्यसंग्रहालय आहे. ग्वाल्हेरचा व्यापार मेळा लागला की (१९०५ पासून लागतोय) तिथल्या स्टेजवर गाण्याचे कार्यक्रम असतात. २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हटलं, त्याच डिसेंबरात किल्ल्यावर १,२८२ तबलावादक एकत्र बसले आणि गिनीजमध्ये नोंद झाली. माझा भाचा त्यांत होता. त्याच्या बोटांना चिरा पडेपर्यंत महिनाभर घरात तबल्याशिवाय आवाज नव्हता. मला त्या विक्रमापेक्षा तो महिना जास्त आवडला.

आणि खऱ्या अर्थाने बँड हवा असेल तर लग्नाचे बँड ऐका, मनापासून सांगते. देवउठनी (आपल्या कार्तिकी) एकादशीच्या आधी, सीझन सुरू होण्यापूर्वी, दुपारी त्यांची तालीम चालते. आमच्या घराजवळच्या बँडच्या दुकानात एक म्हातारे क्लॅरिनेटवाले होते. वरातीत त्यांना सिनेमाची गाणीच वाजवावी लागत, पण तालमीच्या आधी एकटे बसून ते यमन वाजवायचे. मी शाळेतून येताना पायरीवर बसायची. रीड तोंडात ओली करत ते मला म्हणायचे, बिटिया, ये लकड़ी है, पहले इसको मनाना पड़ता है। एकदा एका लग्नात डीजे आणला होता; बँडला मधेच थांबवून बाजूला उभं केलं, आणि ते सोनेरी झालरीच्या गणवेशात भिंतीशी क्लॅरिनेट छातीशी धरून उभे राहिले. मला अजून त्या घरचं जेवण आठवत नाही, तेवढं आठवतं. बँडची संख्या कमी झालीय, पण आहेत. वरात समोरून आली तर स्कूटर बाजूला घ्या आणि क्लॅरिनेट कुठे आहे ते शोधा.

राहिलं बेहट. समारोहाची एक सकाळ तानसेनांच्या जन्मगावी असते, शहरापासून पन्नासेक किलोमीटरच्या आत, झिलमिल नदीच्या काठी. तिथलं महादेवाचं देऊळ कललेलं आहे; तानसेनांच्या गाण्याने कललं असं गावकरी सांगतात. इथे पासवाले पाहुणे कमी. ट्रॅक्टरमधून आलेल्या बायका, कडेवर पोरं, शेतातून तसेच आलेले बाप्ये. पहिल्यांदा गेले तेव्हा गावातलीच मुलं ध्रुपद गायला बसली. एक आठ-दहा वर्षांचा मुलगा इतक्या जोरात टाळी देत होता की माइकमध्ये गाण्याच्या वर तीच ऐकू येत होती. माझ्या शेजारच्या आजींनी पदर सारखा केला आणि तीही मांडीवर टाळी द्यायला लागली, पहिली, पाचवी, नववी, अकरावी, एकही न चुकता. मी विचारलं, तुम्ही शिकलात का? ती म्हणाली, नाती घर में रटत है, सो सुन-सुन के आ गओ। (नातू घरी घोकतो, ऐकून ऐकून आलं.)

बेहटला जायचं तर शहरातून अगदी सकाळी निघा, धुक्यात गाडी हळू चालवावी लागते. खाली सतरंज्या घातलेल्या असतात, पण दवाने ओल्या होतात. घरून एक जाड चादर न्या.