ठाण्याचा उन्हाळा आणि नागपूरचा कूलर

कूलर आधी बंद करा. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

तुमचं म्हणणं मला समजलं ते असं. नागपूरहून घोडबंदर रोडला, कासारवडवलीला, नुकत्याच राहायला आलात. मुलगी चार वर्षांची, बाळ आठ महिन्यांचं. तुमचं काम घरूनच, आणि नवरा सकाळी आठला बाहेर पडतो तो रात्रीच परत. तिकडे ४४ डिग्रीत मजेत खेळणारी मुलगी इथे ३४ मध्ये दिवसभर किरकिर करते, ताटावर बसत नाही. बाळाच्या मानेला आणि पाठीला घामोळं आलंय. कूलर फुल्ल सोडूनही घर कोंदटच. त्यात आता सुट्टी, म्हणून समर कॅम्पला घालू का, असं विचारलंयत. मी पाचपाखाडीत घरीच पाळणाघर चालवते, बरीच वर्षं झाली. दुसऱ्यांच्या मुलांचे उन्हाळे काढायची सवय आहे, त्या जोरावर लिहिते.

कूलर पाण्याची वाफ करतो आणि त्यात हवा गार होते. नागपूरची हवा कोरडी, तिला ते पाणी हवंच असतं. इथे खाडी उशाशी आहे, हवेत आधीच दमटपणा भरलेला. त्यात कूलरने आणखी ओल सोडली की घराची धोबीघाटावरची भट्टी होते. अंगाचंही तेच गणित. घाम येऊन अंग गार होत नाही, घाम वाळून होतं, आणि इथे तो वाळतच नाही. म्हणून ‘फक्त ३४’ असं म्हणू नका. हवामान खातंसुद्धा मैदानी भागात ४० अंश गाठल्याशिवाय उष्णतेची लाट म्हणत नाही, किनाऱ्यावर मात्र ३७ पासून विचार सुरू करतं. तुमच्या मुलीचं काही बिघडलेलं नाही. तिचं अंग नव्या हवेशी जुळवून घेतंय, त्याला आठवडा-दोन आठवडे लागतातच.

आता मुख्य सांगायचं ते. ठाण्यात लहान मुलांचा दिवस घड्याळापेक्षा वाऱ्यावर लावावा. मार्च-एप्रिलमध्ये सकाळचा वारा पूर्वेकडून, जमिनीवरून येतो. जसजसं ऊन चढतं तसा तो तापतो. मग दुपारी कधीतरी तो पडतो आणि पश्चिमेचा, समुद्राकडचा वारा सुरू होतो. ज्या दिवशी हा वारा यायला उशीर करतो त्या दिवशी मुंबई-ठाण्याचा पारा चढलाच म्हणून समजा. गॅलरीतल्या दोरीवर बाळाचं एखादं दुपटं वाळत ठेवा आणि त्याच्याकडे लक्ष असू द्या. सकाळी ते एकीकडे झुकतं, मग तासभर मेल्यासारखं लोंबतं, आणि मग एकदम उलट बाजूला फडफडायला लागतं. तो लोंबता तास मुलांना सगळ्यात वाईट. पाळणाघरात रडारड, चावाचावी, ढकलाढकली बहुतेक तेव्हाच होते. त्या वेळात जेवू घालायचा, शिकवायचा, शिस्त लावायचा प्रयत्न करायचा नाही. पंखा, पातळ ताक आणि पसरलेली सतरंजी, बस.

म्हणजे खिडक्या उजाडल्यापासून नऊ-साडेनऊपर्यंत सताड उघड्या. मग बंद, पडदे ओढलेले. पश्चिमेचा वारा लागला की पुन्हा उघड्या, आणि सोबत मुख्य दाराचा लाकडी दरवाजा उघडून फक्त जाळीचा लावायचा, म्हणजे हवा आरपार जाते. दिवेलागणीला डासांसाठी परत बंद. लादी सकाळीच पुसून घ्या. मेट्रोच्या कामाची धूळ तुमच्याकडे येते हे माहीत आहे, पण भर दुपारी ओलं फडकं फिरवलंत तर ती ओल घरातच राहते. खिडकीला ओली चादर लावायची नागपुरी युक्तीही याच कारणाने इथे नको.

एसी असेल तर अपराधी वाटून घेऊ नका. २६ वर ठेवा, वर पंखा हळू, झोत बाळाच्या अंगावर थेट नको. रिमोटवर ‘ड्राय’ नावाचं बटण असतं, त्याला कुणी हात लावत नाही. आपल्याकडच्या हवेला ते चांगलं, कारण ते मुख्यतः ओल काढून घेतं. एसी नसेल तर दुपारी पूर्वेच्या खोलीत झोपवा. पश्चिमेची भिंत संध्याकाळी हात लावून बघा, कळेल.

बाळाच्या घामोळ्याबद्दल. तुम्ही लिहिलंय की पावडर लावूनही कमी होत नाही. पावडरनेच होत नसेल. मानेच्या घडीत पावडर आणि घाम मिळून पांढरा लगदा होतो, तो घासला जातो, शिवाय उडालेली पावडर बाळाच्या नाकात जाते. पावडर बंद. खोबरेल तेलाचा थरही नको, त्याने घामाची तोंडं बुजतात. दोनदा आंघोळ, साबण एकदाच. आणि पुसायची पद्धत बदला. टॉवेल चोळायचा नाही, धुऊन मऊ झालेलं मलमलचं दुपटं घ्यायचं, बाळाची हनुवटी बोटाने वर करायची आणि घडीत ते टेकवून टेकवून ओल टिपायची. मग पाच मिनिटं नुसतं उघडं पंख्याखाली लोळू द्यायचं. पाठीवरचं घामोळं जात नसेल तर गादी उचलून बघा, खाली रबरी शीट किंवा मेणकापड अंथरलेलं असणार. ते काढा, खाली जुन्या सुती साडीची गोधडी घाला, ओली झाली तर धुवा. माझ्याकडे येणाऱ्या बाळांच्या आयांशी दर मार्चमध्ये माझं याच रबरी शीटवरून वाजतं. पुटकुळ्यांत पू दिसला किंवा ताप आला तर मात्र घरचे उपाय पुरे, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी एक-दोनला नळातून कडकडीत येतं. बाळाला थेट नळाखाली धरू नका. सकाळीच बादली भरून ठेवायची, दुपारी तीच वापरायची. पाणी बंदचा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर आला की आदल्या रात्री प्यायचं पाणी उकळून ठेवा. उन्हाळ्यात दुरुस्त्या निघतात आणि टँकरचं पाणी कुठून आलंय हे कुणी सांगत नाही.

पाणी पाजण्यावरून सासूबाईंचं आणि तुमचं जमत नाहीये, असं दिसतं. बाळ आठ महिन्यांचं आहे, वरचं खातंय, तेव्हा उकळून गार केलेलं पाणी वाटीने घोट-घोट द्या, त्या म्हणतात ते बरोबर. सहा महिन्यांच्या आतलं असतं तर नको म्हटलं असतं, त्या वयात कडक उन्हाळ्यातही अंगावरचं दूधच पुरतं. त्यांचा मधाचं बोट चाटवायचा आग्रह मात्र ऐकू नका, वर्षाच्या आत मध नाहीच. खिशात कांदा ठेवायचा असेल तर ठेवू द्या, त्याने कुणाचं नुकसान नाही आणि घरात शांतता राहते. पाणी पुरतंय की नाही ते शू वरून ओळखायचं. बाळाचे दिवसाला सहाएक लंगोट चांगले ओले व्हायला हवेत. मुलीची शू गडद पिवळी दिसली की समजायचं, खेळाच्या नादात प्यायली नाहीये.

घरात ओआरएसची, म्हणजे पाण्यात कालवायच्या मीठ-साखरेच्या पुडीची, पाकिटं असू द्या, औषधाच्या दुकानातली. एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यात एकदम मिसळायचं, चिमटीने थोडं-थोडं काढून कालवायचं नाही, आणि चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. टेट्रापॅकमधली गोड पेयं वेगळी. ठरलेल्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, इतका तो घोळ वाढला होता. मूल तापलंय, मलूल पडलंय, उलट्या करतंय, हाकेला नीट ओ देत नाही, असं झालं तर नुसतं तापाचं औषध देऊन वाट बघायची नाही. अंग ओल्या फडक्याने पुसत, वारा घालत, सरळ दवाखान्यात.

जेवणाची काळजी तुम्ही जास्त करताय. दुपारी या हवेत मोठ्यांनाही जेवण नको होतं. मुलीचं मोठं खाणं सकाळी सातलाच उरका, तेव्हा पोटात आग असते. थालीपीठ, घावन, उपमा, वर दूध. दुपारी दहीभात किंवा मुगाची खिचडी आणि काकडी, चार घास गेले तरी ठीक. मग चारला परत भूक लागते, तेव्हा फळं.

आणि फळांसाठी तरी ठाण्यात आल्याचा आनंद माना! नागपुरी संत्र्याचा अभिमान थोडा बाजूला ठेवा आणि मुलीला ताडगोळे दाखवायला न्या. घोडबंदर रोडच्या कडेला टोपली घेऊन बसलेल्या बायका दिसतील. त्यांच्यातल्या एकीला सांगा की अख्खं ताडफळ समोर फोड. कोयत्याचे दोन-तीन घाव पडले की काळ्या कवचात तीन डोळे दिसतात, त्यातून अंगठ्याने अलगद उचकटून ती एकेक गोळा काढते. साल घरी आल्यावर काढायची, नखाने, आणि आत पाणी असतं म्हणून वाटीवर धरून. साल काढायचं काम चार वर्षांचं मूल अर्धा तास मन लावून करतं, तुमची एक ऑफिस मीटिंग निघते. खायला देताना मात्र बारीक तुकडे करा. गोळा बुळबुळीत असतो, घशात सटकतो. द्राक्षंही उभी चिरूनच द्या.

आंब्याची घाई नको. पाडव्याला येणारी पेटी परवडत नाही आणि चवीलाही यथातथाच. अक्षय तृतीयेच्या पुढे जांभळी नाक्याच्या बाजारात भाव उतरतात. प्रत्येक पेटीवर देवगड लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका, वास घ्या. देठाशी गोड वास हवा. आंबे खाण्याआधी तासभर पाण्यात बुडवा आणि देठाकडचा चीक धुऊन टाका. मुलांच्या तोंडाभोवती जे पुरळ येतं ते बहुतेक वेळा त्या चिकाचं असतं, ‘उष्णतेचं’ नाही. बाळालाही दोन चमचे रस चालेल.

समर कॅम्पचं माझं मत जरा कडवट आहे, चालवून घ्या. चार वर्षांच्या मुलीला कॅलिग्राफी, रोबोटिक्स आणि नो-फायर कुकिंग हे सगळं दोन तासांत शिकवणाऱ्या जागेची गरज नाही. पण तुम्हाला दोन तास मोकळे हवे असतील तर ती गरज खरी आहे, आणि तेवढ्यासाठी पाठवायला काहीच हरकत नाही. मग माहितीपत्रक बाजूला ठेवून तीनच गोष्टी बघा: पंखे किती, पिण्याचं पाणी कुठलं, शौचालय कितपत स्वच्छ. वेळ सकाळची असेल तरच.

घरी असेल तर तिला एक रुंद ब्रश, रंगकामाचा साधा, आणि पाण्याचा डबा देऊन गॅलरीत बसवा. भिंतीवर पाण्याने चित्रं काढायची. सकाळी काढलेला हत्ती बराच वेळ राहतो, पश्चिमेचा वारा आला की सोंड आधी जाते. माझ्याकडची मुलं आता ‘वारा आला, सोंड गेली’ असं ओरडतच येतात. कॉल चालू असताना टीव्ही लागला तर लागू दे, त्यावर मी व्याख्यान देणार नाही.

बाहेर जायचं ते उजाडता. उपवन तलावाला साडेसहाला पोचलात तर बाबागाडी फिरवायला जागा आणि हवा दोन्ही मिळतं. येऊरला गेलात तर सकाळीच जा आणि अंधाराआधी परत या, ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, बिबटे आहेत. एप्रिल सरता-सरता बहावा पिवळा होतो, मे महिन्यात करवंदं येतात, मुलीला ते शोधायचं काम द्या. फ्लेमिंगो बघायचे असतील तर ऐरोलीचं सागरी जैवविविधता केंद्र आहे, खाडीच्या काठाने तिवरांतून चालता येतं. पक्षी साधारण मेपर्यंत असतात. बोट भरती-ओहोटी बघून सुटते, तेव्हा आधी चौकशी करा, आणि बाळाला घेऊन बोटीत बसायचा हट्ट नको. संध्याकाळी तलावपाळीला गर्दी आणि गाड्यांचा धूर दोन्ही असतं, तरी एकदा जाऊन या, मुलीला आवडेल. फक्त बर्फाचा गोळा नको, तो बर्फ कुठल्या पाण्याचा ते विक्रेत्यालाही ठाऊक नसतं. सोसायटीच्या बागेत संध्याकाळी सोडण्याआधी घसरगुंडीवर स्वतःचा तळहात टेकवून बघा, पत्र्याची असेल तर साडेपाचलाही भाजते.

फ्लॅट कुठल्या तोंडाचा आहे ते लिहिलं नाहीत, ते कळवा, म्हणजे झोपायची खोली कुठली करायची ते सांगता येईल. कूलर विकू नका. मेमध्ये माहेरी जाणार असाल तर सोबत पाठवा, तिथे लागेलच. तिथे गेल्यावर मात्र उलटं लक्ष ठेवावं लागेल. इथे मूल घामाने निथळतं म्हणून आपण आठवणीने पाणी देतो. तिथे घाम आल्या-आल्या वाळतो, अंग कोरडं दिसतं, आणि पाणी कमी पडलंय हे संध्याकाळी डोकं दुखायला लागल्यावर कळतं. पहिला आठवडा तिला मागितल्याशिवायच पाणी द्या.