वेव्हफॉर्म व्ह्यूअरमध्ये माऊसने झूम करावा की कीबोर्डच शिकावा?

तुमचं म्हणणं असं की जीटीकेवेव्हमध्ये (सिग्नल वेळेनुसार रेघेसारखा दाखवणारा वेव्हफॉर्म व्ह्यूअर) व्हील फिरवलं की झूम न होता चित्र बाजूला सरकतं, कंट्रोल दाबून फिरवलं तर पाहिजे तो पल्स (सिग्नलमधला छोटा चढउतार) स्क्रीनच्या बाहेर निघून जातो, आणि टीममधले सिनिअर म्हणतात माऊस सोड, कीबोर्ड शीक. मी लिहायला बसलो ते ह्या सिनिअरमुळे. माऊस सोडू नका. तुमची सवय बरोबर आहे, सेटिंग चुकीची आहे.

झूम पॉइंटरच्या खालीच व्हायला पाहिजे, ह्याच्यात मला दुसरं मत मान्यच नाही. हिशेब करून बघा. झूम स्क्रीनच्या मध्यावर होत असेल आणि तुमचा पल्स मध्यापासून पाव स्क्रीन बाजूला असेल, तर एकदा दुप्पट केलं की तो काठावर जातो, परत दुप्पट केलं की गायब. मग स्क्रोल करून शोधा, मध्यात आणा, परत झूम, परत शोधा. जीटीकेवेव्हमध्ये मार्कर, म्हणजे खुणेची उभी रेघ, ठेवलेला असला तर झूम मार्करभोवती होतो, म्हणजे आधी नेमकी जागा माहीत पाहिजे, आणि जागा माहीत असती तर झूम करून शोधलं कशाला असतं? पॉइंटरखाली झूम होत असेल तर बोट ठेवलेली जागा हलत नाही, आजूबाजूचं पसरत जातं, एवढंच.

आता हे मी इतकं ठासून का सांगून राहिलो ते सांगतो. मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडे राहतो, मोटरपंपाचे मोबाईल स्टार्टर (फोनवरून पंप चालू-बंद करणारी पेटी) दुरुस्त करतो, काही स्वतः बनवूनही देतो. इकडं शेतीची थ्री फेज लाईन कधी दिवसा कधी रात्री, रात्री दोनला लाईन आली तर माणूस थंडीत, सापाकिरड्यातून वावरात जाऊन बटण दाबणार का, म्हणून लोक हे स्टार्टर लावतात. गावातल्या एका काकांच्या स्टार्टरला रोग लागला होता, लाईन आली की मोटर घुर्रर्र करायची, बंद पडायची, थोड्या वेळानं परत घुर्रर्र, परत बंद. हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस, काका रोज दुकानात येऊन बसायचे. मी बोर्ड टेबलावर घेतला, कॉन्टॅक्टर (मोटरची लाईन जोडणारा मोठा स्विच) जोडला, आठ चॅनलचा तो स्वस्तातला 24 मेगाहर्ट्झचा लॉजिक अ‍ॅनालायझर (लाईनीवरचं चालू-बंद नोंदवणारा) लावला आणि पल्सव्ह्यूमध्ये (ती नोंद दाखवणारा प्रोग्राम) 1 मेगाहर्ट्झनं 20 सेकंद रेकॉर्ड केलं. रिलेची (कॉन्टॅक्टर चालू-बंद करणारा छोटा स्विच) लाईन, मायक्रोकंट्रोलरचा (प्रोग्राम चालवणारी चिप) रिसेट, म्हणजे प्रोग्राम पहिल्यापासून सुरू करायची पिन, आणि जीएसएम मॉड्यूलच्या (मोबाईल नेटवर्कशी बोलणारा भाग) दोन्ही सिरीयल लाईनी.

तेव्हा मामेभाऊ आलेला होता, बंगलोरला चिप डिझाईनमध्ये व्हेरिफिकेशनचं, म्हणजे तपासणीचं काम करतो, माझ्यापेक्षा मोठा, हुशार आहे ह्यात वादच नाही. मी व्हील फिरवून राहिलो तर म्हणे, "अबे, माऊस काय घेऊन बसला, लहान पोरं खेळते त्याच्यावर. इंजिनियरचा हात कीबोर्डवरून उचलला नाही पाहिजे." लॅपटॉप ओढून घेतला, फाईल व्हीसीडी नावाच्या वेव्हफॉर्म फॉरमॅटमध्ये एक्सपोर्ट केली, त्याच्या सवयीच्या जीटीकेवेव्हमध्ये उघडली आणि धडाधड बटणं. झूम इन, पुढे, मागे, झूम आऊट, परत इन. मग निकाल देऊन टाकला की जीएसएम मॉड्यूल 2 अँपिअर खेचते, व्होल्टेज पडते, कॅपॅसिटर मोठा टाक. काका समोरच बसलेले. मोठ्या कंपनीतला माणूस बोलला म्हणून ते माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागले की ह्याला एवढंही समजत नव्हतं का.

जीएसएम मॉड्यूल ट्रान्समिट करताना 2 अँपिअरपर्यंत खेचतं हे खरं आहे, सिम800 ह्या मॉड्यूलच्या डेटाशीटमध्येच आहे. पण माझ्या बोर्डवर त्याचा सप्लाय वेगळा होता आणि ते मी त्याला सांगूनही पाहिलं. दादा ऐकणाऱ्यातला नाही.

तो जेवायला गेल्यावर मी पल्सव्ह्यू परत उघडलं. माझ्या लॅपटॉपची स्क्रीन 1366 पिक्सेलची. 20 सेकंद तेवढ्यात बसवले की एका पिक्सेलमध्ये साधारण 15 मिलिसेकंद येतात. कॉन्टॅक्टर खेचायलाच 10 ते 20 मिलिसेकंद घेतो. म्हणजे रिले चालू झाला, कॉन्टॅक्टर खाडकन बसला, त्यानंतर जे बिघडलं ते बिघडलं आणि रिले बंद झाला, ही सगळी भानगड स्क्रीनवर एकदोन पिक्सेलमध्ये. दिसते फक्त एक उभी रेघ. रिलेवर रेघ, रिसेटवर रेघ, दोन्ही एकाखाली एक. आधी कोण पडलं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. दादानं हीच रेघ पाहिली होती, पण दर वेळी झूम भलत्याच जागी व्हायचा म्हणून ती हातातून सुटायची, मग तो जीएसएमच्या लाईनी बघत बसला, कारण तिथं गर्दी भरपूर होती.

मी पॉइंटर त्या रेघेवर ठेवला आणि व्हील फिरवत गेलो. 20 सेकंदांवरून 200 मायक्रोसेकंदांवर यायचं म्हणजे एक लाखपट, दर वेळी दुप्पट धरलं तर सतरा पायऱ्या. माऊसचा हात जागचा हलवायचं काम नाही. रेघ आधी दोन रेघा झाली, मग मधे जागा दिसायला लागली, मग रिसेटच्या लाईनवर एक बारीक खड्डा उघडला, खाली गेला, वर आला, 6 मायक्रोसेकंदांचा. आणि रिले त्या खड्ड्याच्या नंतर पडला होता, आधी नाही. अ‍ॅटमेगा328पीला (बोर्डवरच्या मायक्रोकंट्रोलरला) रिसेट व्हायला 2.5 मायक्रोसेकंद पुरतात. रिसेट झाला की सगळ्या पिना हवेत, रिले सुटतो, प्रोग्राम पहिल्यापासून चालू, लाईन आहे म्हणून परत मोटर लावतो. हाच काकांचा घुर्रर्र. कॉन्टॅक्टरचा झटका रिसेटच्या लांब ट्रॅकमध्ये घुसत होता. रिसेटवर 100 नॅनोफॅरड, कॉइलवर 100 ओहम आणि 0.1 मायक्रोफॅरडचा स्नबर, म्हणजे झटका गिळणारी जोडी (कॅपॅसिटर एक्स2, म्हणजे मेन्स लाईनवर चालणाऱ्या, रेटिंगचाच घ्या), काम संपलं. काकांचा हरभरा वेळेवर भिजला.

दादाला स्क्रीन दाखवली तर म्हणे, रिसेटवर ट्रिगर (ती लाईन हलली की तोच क्षण पकडणारी सोय) लावला असता तर झूमची गरजच नव्हती. अरे, पण रिसेटवर संशय कोणाला होता? तुझा तर जीएसएमवर होता! ट्रिगर लावायला चोर आधी माहीत पाहिजे. दर दिवाळीला हाच वाद होतो, तुमच्या प्रश्नात तेच वाक्य दिसलं.

आता तुमचं काम. जीटीकेवेव्हमध्ये साधं व्हील काळात मागेपुढे सरकवतं, बिघाड नाही, तसंच बनवलंय. होम फोल्डरमध्ये डॉट जीटीकेवेव्हआरसी नावाची फाईल करा, त्यात ऑल्ट व्हील मोड असं इंग्रजीत लहान अक्षरात लिहा, शब्दांच्या मधे स्पेसऐवजी अंडरस्कोर, आणि मग स्पेस देऊन 1. कंट्रोल दाबून व्हील फिरवलं की झूम पॉइंटरभोवती होईल. माऊसचं उजवं बटण दाबून एखाद्या भागावर ओढलं तर तेवढाच भाग स्क्रीनभर होतो, ही सोय बऱ्याच जणांना माहीतच नसते. मॉडेलसिम (चिपचं डिझाईन कॉम्प्युटरवर चालवून बघायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर तिथं मधलं बटण दाबून खाली ओढा म्हणजे तो भाग मोठा होतो, वर उजवीकडे ओढलं की झूम आऊट, वर डावीकडे ओढलं की पूर्ण चित्र. मधलं बटण नसेल तर कंट्रोल आणि डावं बटण.

माऊस चांगला घ्या. आमच्याकडं हंगामात घरातच कापसाच्या गंज्या असतात, रुईचे तंतू व्हीलच्या आसाला गुंडाळतात आणि व्हील पुढे फिरवता फिरवता मधेच उलटी उडी मारतं. तुमचंही तसं होत असेल तर सेटिंगला दोष देण्याआधी माऊस उघडून बघा.

कीबोर्ड अगदीच वाया आहे असं नाही. पूर्ण चित्रावर यायला एक बटणच बरं, मॉडेलसिममध्ये एफ दाबलं की झालं. मोठ्या सिम्युलेशनमध्ये विशिष्ट व्हॅल्यू हवी असेल तर सर्च माऊसच्या आधी पोचतं. टचपॅडवर मात्र हे सगळं करू नका, दोन बोटांनी झूम कुठच्या कुठे जातो. आणि माझं वाचून कोणी स्टार्टरवर अ‍ॅनालायझर लावणार असेल तर लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर ठेवा, प्रोब फक्त 5 व्होल्टच्या बाजूला, कॉन्टॅक्टरच्या टर्मिनलजवळ वायर नेऊ नका, तिथं 415 व्होल्ट असतात.

ती फाईल सेव्ह केल्यावर जीटीकेवेव्ह बंद करून परत उघडा, सुरू होतानाच ती वाचली जाते.