सागाचा पाट घासताय ना, मग हे आधी वाचा

अहो २२० नंबरचा सँडपेपर (नंबर जितका मोठा, तितका पेपर बारीक) घेऊन डायरेक्ट सुरू केलंत तर रंध्याचे ओरखडे जाणारच नाहीत, उलट पॉलिश लावल्यावर जास्त उठून दिसतील. ८० ने सुरू करा, मग १२०, १८०, शेवटी २२०, आणि प्रत्येक नंबरनंतर पाट नीट पुसून घ्या कारण आधीच्या पेपरचा एखादा जाडा कण राहिला की नवीन चरे पडतात. पेपर सपाट ठोकळ्याला गुंडाळा, नुसत्या बोटांनी घासलं की खळगे पडतात. आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच घासायचं, आडवं अजिबात नाही!

हाताला गुळगुळीत लागलं म्हणजे झालं असं नाही हां, मोबाईलचा टॉर्च बाजूने आडवा धरून बघा, सगळी पोल खुलते. शेवटी ओलसर फडकं फिरवा, लाकडाचे तंतू उभे राहतात, पूर्ण सुकलं की २२० परत हलक्या हाताने. ही स्टेप बरेच जण खातात, मग वॉटरबेस्ड पॉलिश खरखरीत का झालं म्हणून विचारत बसतात.

स्टेन (लाकडात मुरणारा रंग) लावणार असाल तर २२० च्या पुढे जाऊ नका, रंग नीट मुरत नाही. आणि मास्क लावाच, सागाचा भुसा नाकाला लय त्रास देतो.