पास नको, खाट आधी धरा

प्रश्न: माझी मुलगी एप्रिलपासून जपानमध्ये हामामात्सुजवळच्या एका शाळेत इंग्रजीची सहाय्यक शिक्षिका आहे. डिसेंबरअखेर दोन आठवडे शाळा बंद असते. घरी ये म्हटलं, तर विमानाचं भाडं बघून तीच नको म्हणाली. आता क्योतो, हिरोशिमा बघून येते म्हणते, तेही सगळं मिळून ५० हजार येनमध्ये आणि एकटीच. एवढ्यात भागेल का? परदेशी माणसांसाठी तिकडे रेल्वेचा पास मिळतो असं भाचा म्हणाला. तो इथूनच काढून तिला भेट द्यावा का? तुम्ही तीन वर्षं तिकडे शिकवत होतात, म्हणून विचारते. — एक आई, साखळी

उत्तर: ताई, पास मुळीच काढू नका. भाचा म्हणतो तो जेआरचा, म्हणजे जपान रेल्वेचा, पास पर्यटक म्हणून थोड्या दिवसांसाठी आलेल्यांना मिळतो. तुमची मुलगी नोकरीच्या व्हिसावर तिथे राहते, तिला तो चालत नाही. मीही पहिल्या वर्षी खिडकीपर्यंत जाऊन परत आलो होतो.

तिच्या कामाचं तिकीट वेगळं आहे. नाव ‘सेइशुन १८’. नावात १८ असले तरी वयाची अट नाही. मी चाळिशी ओलांडल्यावर वापरलं. हिवाळ्यात ते १० डिसेंबर ते १० जानेवारी चालतं. लागोपाठच्या पाच दिवसांचे १२,०५० येन, तीन दिवसांचे १०,०००. तेवढ्यात जेआरच्या साध्या आणि जलद गाड्यांतून दिवसभर हवं तितकं फिरा. बुलेट ट्रेन मात्र नाही. आमच्या वेळी हे पाच दिवस सुटे सुटे वापरता यायचे, एका तिकिटावर तिघं-चौघंही जायचो. २०२४ च्या हिवाळ्यापासून ती मजा गेली. आता दिवस लागोपाठ आणि तिकीट एकाच माणसाचं.

हामामात्सुहून सकाळी निघाली तर तोयोहाशी, ओगाकी, माइबारा अशा गाड्या बदलत चार-साडेचार तासांत क्योतो. दुसऱ्या दिवशी नारा बघून परत क्योतोला. तिसऱ्या दिवशी हिरोशिमा, सहा-सात तास. चौथा दिवस तिथला, पाचव्या दिवशी घर. तो शेवटचा दिवस लांबतो, जवळजवळ पूर्ण गाडीतच जातो. ओगाकीला गाडी थांबली की पुढच्या गाडीत जागा धरायला लोक जिन्याकडे पळत सुटतात. तिकडे त्याला नावच आहे, ‘ओगाकी डॅश’. आपल्याकडे कदंबच्या बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकतात, तसंच, फक्त आवाज नाही.

आता खरा खर्च. आपण गोव्याचे, आपल्याला हे दुसऱ्याने सांगायला नको: ३१ डिसेंबरला कळंगुटला खोलीचा भाव काय होतो! जपानात नवं वर्ष म्हणजे आपल्या चतुर्थीसारखं, सगळा देश गावी निघतो. गाड्या भरतात आणि खोल्या महागतात. म्हणून तिला सांगा, गाडीचा विचार नंतर, आधी गेस्टहाऊसमधली खाट धर, आणि ३० तारखेच्या रात्री आपल्या घरी पोच. २६ ला निघून ३० ला परत, हा हिशेब मी दोनदा केला आणि दोन्ही वेळा जमला. आणखी एक कारण आहे. हिरोशिमाचं शांती संग्रहालय ३० आणि ३१ डिसेंबरला बंद असतं. २९ ला गेली तर २०० येनमध्ये बघून होईल. तिथून बाहेर आल्यावर लगेच दुसरीकडे जावंसं वाटत नाही, तेव्हा जवळचं मियाजिमा बेट सकाळीच उरकायला सांगा. तिथली जेआरची फेरीबोट याच तिकिटावर चालते, वर १०० येन कर. भरतीला देवळाचं लाल दार पाण्यात उभं दिसतं, ओहोटीला त्याच्या पायापर्यंत चालत जाता येतं.

चार रात्री साडेतीन हजारांच्या खाटेने धरल्या तर १४ हजार. जेवणाला रोजचे दोन हजार, म्हणजे १० हजार. तिकिटासकट ३६ हजार होतात. ५० हजार पुरून उरतात, खाट थोडी महाग पडली तरी. संध्याकाळी उशिरा सुपरमार्केटमध्ये तयार जेवणाच्या डब्यांवर अर्ध्या किमतीच्या चिठ्ठ्या लागतात. आपण मासे खाणारी माणसं, त्यामुळे आपलं सोपं. माझ्यासोबतच्या शाकाहारी मास्तरांचे हाल झाले, कारण साध्या सूपमध्येही माशाचा अर्क असतो.

थंडीचं म्हणाल तर माइबाराच्या आसपास सांभाळायचं. मान्सून सह्याद्रीला अडून आपल्याकडे कोसळतो ना, तसंच तिकडे सायबेरियाचा वारा जपानच्या समुद्रावरून ओल घेऊन येतो आणि डोंगराला अडून बर्फ टाकतो. क्योतोला ऊन असताना माइबाराला रूळ पांढरे. एकदा तिथे माझी गाडी अडीच तास उभी राहिली. ज्या ठिकाणी उतरायचं होतं तिथलं दार दहाला बंद झालं, आणि ती रात्र मी एका चोवीस तास उघड्या खानावळीत चहाचे पेले मोजत काढली. म्हणून सकाळी सातची गाडी धरायची आणि मुक्कामाचा फोन नंबर कागदावर लिहून ठेवायचा. मोबाइल थंडीत भराभर उतरतो.

एकटीची काळजी? मी पुरुष माणूस, माझा अनुभव इथे अर्धाच. पण माझ्या शाळेतल्या दोन शिक्षिका अशाच फिरायच्या आणि फक्त बायकांच्या खोलीतली खाट घ्यायच्या. बहुतेक मोठ्या गेस्टहाऊसमध्ये अशी खोली असते. आणि हो, करार वाचायला सांगा. मुलांना सुटी असली तरी काही शाळा सहाय्यकांना हजर राहायला लावतात, मग २६ ला निघायला रजा टाकावी लागेल.

भेटच द्यायची तर दोन जोड गरम आतल्या कपड्यांचे पैसे पाठवा.

३१ ला ती घरी असेल. रात्री शेजारपाजारच्या लोकांबरोबर जवळच्या देवळात जाईल, फातर्प्याच्या जत्रेसारखी रांग असते. बौद्ध मठांत त्या रात्री १०८ वेळा घंटा वाजते. तिकडे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेआठ झालेले असतात. जेवणं लवकर उरका आणि त्याच वेळी फोन लावा. ती काय बोलते ते नीट ऐकू येणार नाही, पण घंटा ऐकू येईल.