माशांच्या तीन फुटी टाकीचा स्टँड करताना

३ × १ × १.५ फुटांच्या टाकीत सव्वाशे लिटर पाणी मावतं. काच, रेती, दगड धरून वजन दीडशे किलोच्या वर जातं. म्हणून वरची चौकट पायांच्या माथ्यावरच टेकवा. बाजूने स्क्रू मारून लटकवलीत तर सगळा भार स्क्रूंवर. पायांना माटीचं (ऐनाचं) किंवा फणसाचं नीट सुकलेलं लाकूड, २ × ३ इंची. स्क्रूआधी बारीक भोक पाडा, नाहीतर टोकं चिरतात. पाठीला १२ मिमी प्लाय हवाच, त्याशिवाय स्टँड डुलतो. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) मात्र नको. आपल्या पावसाळ्यात ते पावासारखं फुगतं. आयएस ७१० मानकाचा मरीन (पाण्यात टिकणारा) प्लाय घ्या, कापलेल्या कडांना वार्निशचे तीन हात द्या, पाणी तिथूनच शिरतं. पाणसळीने चारही कोपरे बघा, मग अर्धा इंच थर्माकोल आणि त्यावर टाकी.