आधी टायर, मग मडगार्ड

सायकलला रुंद टायर आणि मडगार्ड बसवायचे आहेत, जमेल का, असं विचारलंत. स्टीलची सायकल आहे ना, मग फार काळजी करू नका. रुंद टायरचा विचार योग्यच आहे. पावसाळ्यातल्या बडोद्यात, रावपुऱ्यापासून मांडवीपर्यंतच्या खड्ड्यांतून, तेच बरे पडतात.

सगळ्यात आधी जुन्या टायरच्या कडेवरचा आकडा वाचा. दुकानात नुसतं 'सव्वीसचा द्या' म्हणालात की गोची झालीच. २६ × १.९५ चा टायर ५५९च्या (व्यास, मिलिमीटरमध्ये) रिमवर बसतो, २६ × १-३/८ चा ५९०च्या. नाव एकच, पण एक दुसऱ्याच्या जागी चढत नाही. म्हणून ३७-५९० असा जोडआकडा लिहून न्या. पहिला आकडा रुंदीचा, तो वाढवता येतो; दुसरा रिमचा, त्याला हात लावायचा नाही.

मग रुंद टायरला जागा आहे का बघा:

- पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या माथ्याखाली आणि पेडलमागच्या दोन नळ्यांमध्ये बघा, टायर बहुधा तिथेच अडतो.
- मोजायचं ते पूर्ण हवा भरून.
- मडगार्ड टायरपेक्षा ८-१० मिलिमीटर रुंद घ्या.

नवखे लोक मडगार्ड चाकाला चिकटवून बसवतात, रुबाबदार दिसतं म्हणून! मग काळ्या मातीचा चिखल आत थापला जातो आणि चाक फिरेना होतं. पुढच्या मडगार्डमध्ये काटकी अडकली तर चाक जागच्या जागी थांबतं आणि आपण हँडलवरून पुढे. टायर आणि मडगार्डमध्ये बोटभर फट ठेवाच. मडगार्ड धरणाऱ्या सळ्यांच्या बोल्टखाली वायसर घाला, आठवड्याने पुन्हा आवळा.

गियर-बियरचं नंतर बघू. रस्त्यावर काढण्याआधी मात्र हँडल वळवून बुटाचं टोक पुढच्या मडगार्डला लागतंय का, ते तपासा.