काठीची होळी बघायला जायचंय. पाहुण्यांनी गेलेलं तिथल्या लोकांना चालतं का, आणि फोटो काढावेत का?

हो, नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची राजवाडी (जुन्या संस्थानाची) होळी सगळ्यांना खुली आहे, बिनधास्त जा. फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका. मी शहाद्याचा, होळीला सातपुड्यात नेमाने जातो म्हणून सांगतो. अंगावर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला भोपळे-घुंगरू बांधून नाचणारे बावा-बुध्या हे कलाकार नव्हेत. त्यांचा नवस असतो, त्यासाठी ते खाटेवर न झोपण्यासारखे कडक नेम पाळतात. त्यांना हात लावणं, ओढून सेल्फी घेणं, पैसे देऊन पुन्हा नाचायला सांगणं हा त्या व्रताचा अपमान आहे, आणि दरवर्षी कुणीतरी तो करतंच. होळी पहाटे पेटते, तेव्हा रात्रभर थांबायची तयारी ठेवा. होळीआधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतात. तो सणाच्या खरेदीचा बाजार आहे. तिथे लग्नं जुळतात या ऐकीव गोष्टीवरून मुलींकडे कॅमेरे रोखू नका, त्या तिथे खरेदीला आलेल्या असतात. तुम्हीही खरेदी करा, धडगावचा आमचूर घ्या, भाव पाडू नका. खाली सपाटीवर बोलतात ती अहिराणी वर डोंगरात पुरत नाही. भिली किंवा पावरी बोलणारं कुणी सोबत असेल तर उत्तम.

एक मात्र आहे: हे सगळं काठीसारख्या मोठ्या होळीपुरतं. आतल्या पाड्यांवर होळी वेगवेगळ्या दिवशी असते आणि ती त्यांची घरची असते. ओळखीच्या माणसाने बोलावलं तरच जा.